मेलची आवक आणि वहीतला लेख

त्र्यंबकेश्वरच्या पुरोहिताच्या घरी येणाऱ्या मेलमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुहूर्त कधीचा मिळेल? नारायण नागबळी असो, त्रिपिंडी श्राद्ध असो की कालसर्प शांती, यजमान इंदूरहून, सुरतेहून, हैदराबादहून किंवा थेट न्यू जर्सीहून लिहितो. एकदा उत्तर गेले की पुढची पत्रे सुरू होतात. घरच्यांची नावे येतात, गोत्र येते, पुष्कळदा गोत्र माहीत नसल्याचेही येते. दिवंगताची तिथी येते किंवा नुसती इंग्रजी तारीख येते. उतरण्याच्या खोलीसाठी आधार कार्डाचे फोटो, रेल्वेचे तिकीट, दक्षिणेची आगाऊ रक्कम पाठवल्याचा स्क्रीनशॉट, असे सगळे एकामागून एक येत राहते. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी. त्यामागे आठ-दहा मेल सहज होतात. विधी उरकून यजमान गावी परततो, आणि त्याची पत्रे मात्र पेटीतच राहतात.

ही आवक वर्षभर सारखी नसते. श्रावण लागला की गाव भरते. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणाऱ्या गर्दीत घरातले कोणीही संगणकापुढे बसू शकत नाही. त्यापाठोपाठ पितृपक्ष येतो, आणि श्राद्धाची विचारणा करणारी पत्रे नेमकी त्याच काळात सर्वाधिक असतात. पहाटे कुशावर्तावर गेलेला माणूस दुपारी उशिरा घरी येतो. त्याने संध्याकाळी मेल उघडावी, तर न वाचलेल्या पत्रांचा आकडा आदल्या दिवसापेक्षा वाढलेला असतो. वरची चार पत्रे वाचली जातात आणि खालची खाली सरकतात. पेटी तुंबण्याची सुरुवात इथे होते. त्यात आळस नसतो. आवक आणि हातातला वेळ यांचा मेळ बसत नाही, एवढेच.

जागेचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो सावकाश येतो. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले तेव्हा त्याने १ जीबी जागा देऊ केली. इतर सेवा त्या काळी मोजकेच एमबी देत असल्यामुळे ही जागा अफाट वाटली, आणि काही पुसायची गरज उरली नाही असा समज रुजला. आज मोफत खात्याला १५ जीबी मिळतात, पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांचा वाटा आहे. घरातल्या फोनवर काढलेले लग्नाचे फोटो त्याच खात्यात चढत असतील, तर पूजेच्या पत्रांची जागा त्या फोटोंनी खाल्लेली असते. शिवाय मेलला जोडलेली फाइल पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. सहा एमबीची जन्मपत्रिका पेटीत आठ एमबीची होऊन बसते. नुसत्या मजकुराची हजारो पत्रे जेवढी जागा घेत नाहीत, तेवढी फोटो जोडलेली शंभर पत्रे घेतात.

जागा संपली की नवी पत्रे परत जातात. पाठवणाऱ्याला तसे इंग्रजी निरोपाने कळते, पण अनेकांना तो निरोप समजत नाही किंवा ते वाचतच नाहीत. वरच्या बाजूची सूचना नजरेआड झाली, तर घरातल्यांना काही बिघडले आहे याचा पत्ताही लागत नाही. उलट पत्रे कमी झाली म्हणून चार दिवस बरे वाटते. मग एखाद्या यजमानाचा फोन येतो : गुरुजी, वडिलांची तिथी कळवली होती, मिळाली नाही का? तोवर त्या महिन्यातला मुहूर्त निघून गेलेला असतो. ज्या घराने सुट्टी काढून, म्हातारी माणसे सोबत घेऊन यायचे ठरवले, त्यांच्यासाठी ही चूक लहान नसते. असा एक प्रसंग घडला की पेटी आवरण्याचे काम कारकुनी राहत नाही.

त्या वेळी बहुतेक जण जे करतात ते चुकीचे असते. ते अर्काइव्हचे बटण दाबतात. समोरची यादी रिकामी होते, मनाला हायसे वाटते, पण जागा तसूभरही मोकळी होत नाही. अर्काइव्ह केलेले पत्र समोरच्या यादीतून उठून ‘सर्व मेल’ या ढिगात जाते आणि तिथे तेवढीच जागा अडवते. पत्र पुसले तरी ते कचरापेटीत ३० दिवस राहते. कचरापेटी हाताने रिकामी केली तरच जागा लगेच सुटते. नजरेसमोरचा पसारा आवरणे हे एक काम, साठवणीची जागा मोकळी करणे हे दुसरे, आणि पुढे लागेल ते जपून ठेवणे हे तिसरे. एका बटणात ही तिन्ही कामे होतील, या अपेक्षेने पुष्कळ घोटाळे झाले आहेत.

पत्रे कशी ठेवावीत याची रीत मराठी घराला नवी नाही. टपालाच्या काळात भिंतीवर एक आकडीची तार असे आणि वाचलेले पोस्टकार्ड किंवा आंतरदेशीय पत्र तिच्यात टोचले जाई. तार भरली की वर्षाचा गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर जाई. एक प्रकारचे पत्र मात्र त्या तारेत कधीच ओवले जात नसे. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड वाचून झाल्यावर फाडून टाकायचे, ते घरात ठेवायचे नाही, असा रिवाज होता. पुरोहिताच्या घरी येणाऱ्या मेलमध्ये अशा वार्तेचीच पत्रे निम्म्याहून अधिक असतात. जुना रिवाज मानला तर ती पुसायला हवीत, आणि काम पाहिले तर तिथी, नाव, नाते हे सगळे त्यांच्यातच असते. या पेचाची सोडवण क्षेत्रोपाध्यांच्या वहीने फार पूर्वीच केलेली आहे.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, हरिद्वार अशा क्षेत्रांत तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या ठेवत आले. इकडे अशा वहीला नामावळी म्हणतात. यजमान आला की त्याच्या घराण्याचे पान काढायचे, आधी कोण येऊन गेले ते वाचून दाखवायचे आणि नवा लेख लिहून घ्यायचा. लेखात त्याचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले, मूळ गाव, सध्याचे राहते गाव, येण्याची तारीख आणि खाली सही एवढे असते. जुने लेख मोडीत आहेत, अलीकडचे बाळबोध लिपीत. आपल्या पणजोबांची सही त्या पानावर पाहिलेला माणूस क्षणभर गप्प होतो. वारसाहक्काच्या वादांत न्यायालयांपुढेही अशा वह्या पुरावा म्हणून गेल्या आहेत.

या वहीचे खरे कौशल्य तिने काय गाळले यात आहे. यजमान कोणत्या गाडीने आला, किती दिवस राहिला, येण्यापूर्वी त्याने किती पत्रे लिहिली, यातले काही तिच्यात नाही. एका भेटीतून पुढच्या पिढीला लागेल तेवढेच पाच-सहा ओळींत उतरवले आणि बाकीचे सोडून दिले, म्हणून शंभर वर्षांच्या भेटी एका बासनात मावल्या. दुकानदाराची रीतही हीच. रोजकीर्दीत दिवसाचे सगळे व्यवहार पडतात आणि खतावणीत खात्यावारी निवडलेले जातात. मेलची पेटी ही रोजकीर्द आहे. तिलाच खतावणी समजून वर्षानुवर्षे वापरत राहिले की ती तुंबणारच.

यजमानाची आठ-दहा पत्रे आली, विधी पार पडला, की त्यांतून लेख तेवढा बाहेर काढायचा, हा या सगळ्या अनुभवाचा गाभा. नावे, गोत्र, तिथी, गाव, नाते हे वहीत जाते, आणि यजमान प्रत्यक्ष आलेला असतो म्हणून त्याची सहीही मिळते. मेलमध्ये आलेला मजकूर त्याच्यासमोर वाचून दाखवला की दुरुस्त्याही होतात. इंग्रजीत लिहिलेल्या नावात ‘ट’ की ‘त’, ‘ल’ की ‘ळ’ हे कळत नाही, आणि घाईत लिहिलेल्या पत्रात चुलत आजोबा सख्खे होऊन बसतात. हे दोन मिनिटांचे वाचन टाळले, तर चुकलेले नाव वहीत पक्के होते आणि पुढच्या पिढीला ते खरे वाटते.

लेख काढल्यावर उरलेल्या पत्रांचे काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत तयार आहे. महसूल खात्यातल्या कारकुनाला सहा गठ्ठे पद्धत शिकवली जाते. अँडरसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमपुस्तिकेतून ती आली, आणि १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या कामाला जी शिस्त लावली तिच्यामुळे ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या ‘झिरो पेंडन्सी’ मोहिमेतही हेच गठ्ठे पुन्हा बांधले गेले. परदेशात रिकाम्या इनबॉक्सविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाचायला हरकत नाही, पण टेबलावर चढत जाणाऱ्या कागदाचा इतका सरळ विचार आपल्याकडच्या कारकुनाने आधीच केलेला आहे.

पहिला गठ्ठा आज हात लावायच्या प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण लिहिले आहे आणि उत्तराची वाट आहे अशांचा. तिसरा ठरावीक काळाने येणाऱ्या विवरणपत्रांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या नस्तींचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. पुरोहिताच्या मेलला ही मांडणी जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. समोरच्या यादीत फक्त पहिला गठ्ठा राहू द्यावा. तिथी कळवा, तिकीट काढले का ते सांगा, असे लिहून ठेवलेली पत्रे दुसऱ्यात. त्यांना ‘प्रतीक्षा’ असे लेबल लावून आठवड्यातून एकदा ती उघडावीत. बँकेचे, विजेच्या बिलाचे, मोबाइल कंपनीचे निरोप तिसऱ्यात. ते फिल्टर लावून आपोआप बाजूला जातात आणि यादीतला मोठा गोंगाट तिथेच कमी होतो.

चौथा गठ्ठा सर्वांत जास्त वेळ वाचवतो. यायचे कधी, कपडे कोणते आणायचे, नाशिक रोड स्थानकावरून कसे यायचे, उतरायची सोय कुठे, विधी किती दिवसांचा, हे प्रश्न प्रत्येक यजमान विचारतो. ते विचारणे योग्यच आहे, कारण तो पहिल्यांदा येत असतो. त्याचे उत्तर एकदा नीट मराठीत आणि एकदा हिंदीत लिहून साचा म्हणून ठेवले की रोजचे लिहिणे निम्म्यावर येते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. घरात मृत्यू झाल्याचे कळवणाऱ्या पत्राला केवळ साचा जाऊ नये. वर दोन ओळी त्या माणसासाठी हाताने लिहाव्यात, गेलेल्याचे नाव त्यात असावे. पलीकडचा माणूस ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवणार असतो.

पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्यांत वाटणी करताना अडखळायला होते. सरकारी अभिलेखांचे वर्ग इथे उपयोगी पडतात : अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग १० किंवा ५ वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. वंशावळीची माहिती देणारी, जुन्या लेखाची मागणी करणारी, पूर्वजांविषयी सविस्तर लिहिलेली पत्रे अ वर्गात जावीत. कधी एखादा वृद्ध यजमान दोन पाने भरून गावाची, वाड्याची, घरातून तुटलेल्या शाखेची हकिकत लिहितो. असे पत्र मुद्रित करून वहीशेजारीच ठेवावे. दक्षिणेच्या व्यवहाराची पत्रे करसल्लागार सांगेल तितकी वर्षे ठेवावीत. खोलीचे, गाडीचे, वेळेचे विचारणे हे ड वर्गातले. वर्ष झाले की त्यांचे काम संपते.

आधार कार्डाचे फोटो मात्र एक वर्षही ठेवू नयेत. यजमान विश्वासाने पाठवतो आणि खोली मिळाली की त्या फोटोचा उपयोग संपतो. शेकडो घरांची ओळखपत्रे, जन्मतारखा, पत्ते एका पेटीत साचलेले असणे आणि त्या पेटीचा पासवर्ड चौघांना माहीत असणे ही धोक्याची गोष्ट आहे. माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी हे फोटो पुसायलाच हवे होते. विधी झाल्याच्या दिवशीच ते काढून टाकण्याची सवय सर्वांत बरी, कारण नंतर ते शोधून काढण्यात दिवस जातात.

शोधणे हे मुळात वाटते तितके सोपे नसते. मेलमध्ये शोधाचा चौकोन आहे, म्हणून वर्गवारी कशाला, असे तरुण मंडळी म्हणतात. पण यजमानाचे आडनाव नागरीत टाकले तर रोमनमध्ये लिहिलेले पत्र सापडत नाही, आणि रोमनमध्ये एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते. त्यातही पत्र पाठवणारी बहुधा लग्न झालेली मुलगी असते. तिच्या सासरच्या नावाच्या पत्त्यावरून माहेरच्या श्राद्धाचे पत्र आलेले असते. दहा वर्षांनी तिच्या भावाने विचारले की ते पत्र कोणत्या नावाने शोधायचे? जुन्या वह्यांनी याचे उत्तर गाव आणि आडनाव असे ठेवले. राहते गाव बदलते, फोन बदलतो, मूळ गाव सांगितले जातेच. म्हणून जपून ठेवायच्या प्रत्येक पत्राला आडनाव, मूळ गाव आणि गोत्र असे नागरीतले लेबल लावावे आणि वहीच्या पानाचा क्रमांकही त्यातच लिहावा. एका पत्राला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट द्यायला माणूस नाही म्हणून मेल निरुपयोगी झालेली घरे आहेत.

वर्षाचे मोठे आवरणे पितृपक्ष आणि नवरात्र संपून दिवाळीच्या आधी जो उसंतीचा काळ मिळतो त्यात करता येते. पाडव्याला वहीपूजन होते, नव्या वह्या सुरू होतात. त्याच्या आत जुन्या वर्षाची पत्रे बांधून झाली तर बरे. सुरुवात मोठ्या फाइलींपासून करावी. दहा एमबीपेक्षा मोठी आणि दोन वर्षांहून जुनी पत्रे शोधून काढण्याची सोय मेलमध्येच आहे. ती वीस-पंचवीस पाने चाळली की एरवी महिनाभर एकेक पत्र पुसून सुटणार नाही एवढी जागा एका दुपारी सुटते. मात्र पुसण्यापूर्वी प्रत बाहेर काढायची, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

ही प्रत गूगलच्या टेकआउट या सोयीने मिळते. निवडलेल्या लेबलची सगळी पत्रे एमबॉक्स नावाच्या एकाच फाइलीत येतात. मागणी नोंदवल्यावर ती तयार व्हायला काही तास, कधी दिवसही लागतात आणि उतरवून घेण्याचा दुवा आठवडाभरच चालतो. गर्दीच्या दिवसांत मागणी करून विसरले की सगळे पुन्हा करावे लागते. पुढची अडचण पेनड्राइव्हवर येते. बाजारातले पुष्कळ पेनड्राइव्ह ज्या जुन्या रचनेत येतात तिच्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. पेनड्राइव्हवर १६ जीबी मोकळे दिसत असताना सहा जीबीची फाइल का जात नाही, हे न उमगून कित्येकांनी हा नाद सोडला. ड्राइव्हची रचना बदलून घेतली किंवा वर्षावार लेबल लावून लहान फाइली काढल्या की काम होते. वर्षावार फाइली ठेवणे अधिक चांगले. एक बिघडली तरी बाकीची वर्षे वाचतात.

एमबॉक्स फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून ती कायम वाचता येईल असे सांगितले जाते. मराठी पत्रांच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. नागरी अक्षरे प्रवासासाठी संकेतांत बदललेली असतात, त्यामुळे ती फाइल नुसती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ढीग दिसतो. थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती घेतली की पत्रे पुन्हा पत्रांसारखी दिसतात. प्रत काढली त्याच दिवशी ती अशी उघडून पाहावी, चार मराठी पत्रे वाचावीत, एखादी जोडलेली फाइल उघडावी, आणि मगच मूळ पत्रांना हात लावावा.

त्र्यंबकचा पाऊस जुन्या कागदाने सोसला आहे. चार महिने भिंती ओल धरतात, वह्यांना उन्हे दाखवावी लागतात, कसर झाडावी लागते. हार्ड डिस्कलाही तीच हवा लागते, आणि ती बंद पडण्यापूर्वी बहुधा काही सांगत नाही. म्हणून दोन प्रती हव्यात : एक घरात, कोरड्या डब्यात, आणि दुसरी नाशिकला किंवा पुण्याला नातलगांकडे. प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याचा विचार वह्यांच्या बाबतीतही झालेला आहे. अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या.

खाते कोणाचे, हा प्रश्न शेवटी येतो, पण तो आधी सोडवावा. बऱ्याच घरांत मेलचा पत्ता कॉलेजात असताना एखाद्या मुलाने उघडलेला असतो. पुढे तो नोकरीला बंगळूरला जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. खाते दोन वर्षे वापरले नाही तर ते बंद करून पुसण्याचा नियम गूगलने २०२३ मध्ये जाहीर केला. वही वारसाने मिळते, वाटणीत कोणाकडे गेली ते सगळ्या भाऊबंदांना ठाऊक असते. मेलच्या खात्याचेही तसेच ठरवून ठेवावे : ते व्यवसायाच्या नावाने असावे, परत मिळवण्यासाठी घरातल्या दोघांचे फोन त्याला जोडलेले असावेत, आणि आपल्या पश्चात ते कोणाकडे जावे याची नोंद खात्याच्या सोयीतच करावी.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २०२७ च्या पावसाळ्यात पर्वस्नाने असे जाहीर झाले आहे. २०१५ मध्ये २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि २५ सप्टेंबर या त्र्यंबकच्या स्नानांच्या सुमारास पत्रांना उत्तर द्यायला हात पुरत नव्हते, आणि तेव्हापेक्षा आज मेल वापरणारे यजमान कितीतरी अधिक आहेत. ज्या घरांत गेल्या सिंहस्थाची पत्रे अजून पेटीत आहेत, त्यांनी त्यांतले लेख आधी वहीत उतरवून घ्यावेत. तेव्हा आलेली कुटुंबे बारा वर्षांनी पुन्हा येतात आणि मागच्या खेपेला सोबत असलेल्या आईचे किंवा वडिलांचे नाव वहीत आहे का, हे पहिल्यांदा विचारतात. त्यानंतर जुन्या वर्षाची फाइल दोन ठिकाणी ठेवावी, कचरापेटी रिकामी करावी, चौथ्या गठ्ठ्यातले साचे नव्या तारखांनी दुरुस्त करावेत. समोरच्या यादीत उत्तर द्यायची राहिलेली पत्रे तेवढी उरतात, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या पत्रापासून लिहायला बसावे.